झाडे मॅडम आणि सात पिढ्यांचे डोळे

झाडे मॅडमनं एखाद्याला आधी नाव विचारलं, असं सिंदीत तरी कोणाला आठवत नाही. आधी त्या कान पाहायच्या. पाळी मोकळी लोंबते की गालाला चिकटलेली, ते बघून घ्यायच्या. मग "जीभ काढा" म्हणायच्या. जिभेच्या दोन्ही कडा वर वळवून नळी करता आली की खूश, नाही आली तरी खूश. मग हनुवटीला खळी आहे का, अंगठा मागं किती वाकतो, डोळे कोणत्या रंगाचे. एवढं सगळं उरकल्यावर वेळ उरला तर नाव.

मी त्यांचा शेजारी. माझं कापडाचं दुकान, त्यांचं घर, मध्ये एक भिंत. त्यामुळं मी जे सांगतो त्यात खोटं काही नाही. भाजीला लागतो तेवढा रस्सा घातला आहे, अन् आमच्याकडं रस्सा जरा सढळ हातानंच घालतात.

मॅडम हायस्कूलला विज्ञान शिकवायच्या. उंची अशी, की त्या वर्गात शिरल्या की पहिल्या बाकावरचं पोरगं उठून आधी पंखा बंद करी. आवाज असा, की शाळेत त्यांनी "चला!" म्हटलं की तिकडं स्टेशनात उभी पॅसेंजर निघून जाई. खांद्याला एक पर्स, तिच्यात भिंग, टॉर्च आणि शेंगदाण्याची चिक्की. टॉर्च डोळे पाहायला, चिक्की ज्याचे पाहिले त्याला.

एकदा परीक्षेच्या ड्युटीवर समुद्रपूरला निघाल्या होत्या. मी सूत घ्यायला त्याच गाडीत. कंडक्टर आला, म्हणाला, "तिकीट?" मॅडमनं त्याच्या कानाकडं पाहिलं, हनुवटीकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, जीभ काढा."

"काऊन?"

"काढा तर."

त्यानं काढली. सुरेख नळी झाली. मॅडम म्हणाल्या, "वा! हे कोणाकडून आलं? आईकडून का बाबांकडून?" आता कंडक्टरला तरी काय माहीत! तो म्हणाला, "माह्या बाबाची जीभ मी कधी पाह्यलीच नाई. तेच आमची काढत होते." मागच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं आपली काढून पाहिली. त्याच्या बायकोनं काढली. पाच मिनिटांत सगळ्या गाडीच्या जिभा बाहेर. ड्रायव्हर आरशात बघून स्वतःची वळवायला लागला. पुढच्या फाट्यावर चांगले पंधरा-वीस लोक गाडीची वाट पाहत उभे होते. त्यांनी जिभा काढलेली अख्खी गाडी येताना पाहिली आणि एकानंही हात दाखवला नाही. म्हणाले, ही तहानलेली दिसते, मागच्यानं जाऊ.

पण नुसत्या जिभा काढायला लावणाऱ्या बाई नव्हत्या त्या. शिकवायच्या असं, की आमच्या गावातलं ढ पोरगंसुद्धा जन्मात विसरणार नाही. प्रभावी जनुक आणि अप्रभावी जनुक हा धडा आला की खिडकीखाली गावकऱ्यांची गर्दी व्हायची. मीही दोनदा दुकानाला कुलूप लावून गेलो आहे.

"प्रभावी जनुक म्हणजे सासू," मॅडम सांगायच्या. "अप्रभावी म्हणजे सून. एका घरात दोघी राहतात. बाहेर आवाज कोणाचा येते?"

"सासूचा!" वर्ग ओरडे.

"मग सून घरात नाही काय?"

"हाये, मॅडम!"

"भाकरी कोण थापून राह्यलं?"

"सून!"

"हं. आहे, पण ऐकू येत नाही. आता दोन घरच्या दोन सुना नळावर भेटल्या. सासू एकीचीही संग नाही. मग?"

वर्गात एकच गोंधळ. एक पोरगी म्हणाली, "मग काय मॅडम, नळ जाते पण बोलणं जात नाई!"

"तेच! आईकडून एक गप्प जनुक, बाबांकडून एक गप्प जनुक. दोन्ही एका लेकरात भेटले की बोलायला लागतात. मग ते चार पिढ्या मुके का राह्यले असेनात."

त्या वर्षी बोर्डाच्या पेपरात पोरांनी हेच लिहिलं, सासू, सून, नळ, सगळं. तपासणारी कोणाची तरी सून असावी, कारण सगळ्यांना पूर्ण मार्क.

बोलण्यावर भागेना म्हणून मॅडमनी अंगणात कोंबड्या पाळल्या. कोंबडा काळाकुट्ट, कोंबडी काळीकुट्ट. अंधारात दोघं एकमेकांना धडकायची. पिल्लं निघाली, तर तीन काळी अन् एक पांढरंशुभ्र! गल्लीतल्या बायांनी लगेच भिंतीवरून माझ्या अंगणात पाहिलं, कारण माझा कोंबडा पांढरा होता. बिचारा इतका म्हातारा, की आरवताना मध्ये बसून दम घ्यायचा. भिंत चढणं सोडा, त्याला उंबरठा चढायला मी हात द्यायचो. पण संशय म्हणजे संशय! बाया जाता-येता त्याच्याकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. तो बाहेर पडायचा बंद झाला. दाणा टिपेना.

शेवटी मॅडमनं त्याला दोन्ही हातांनी उचललं, भर रस्त्यात वर धरलं आणि शाळेच्या आवाजात जाहीर केलं, "याचा काही संबंध नाही! काळ्या कोंबड्याच्या अन् काळ्या कोंबडीच्या, दोघांच्याही मागच्या पिढ्यांत कोणीतरी पांढरं होतं. लपून बसलं होतं. आता भेटले दोघं!" त्या दिवशी माझा कोंबडा वर्षभरात पहिल्यांदा पूर्ण आरवला, एका दमात.

अशा बाई असल्यावर गावात लग्न जुळवताना त्यांना बोलावणारच. गुरुजी पत्रिका पाहत, मॅडम कान पाहत. आमच्याकडचे कापसाचे व्यापारी दिलीपशेठ, त्यांच्या प्रवीणसाठी अल्लीपूरची वैशाली पाहायला गेले तेव्हा मॅडमला संग नेलं होतं. मॅडमनं पोरीचे कान पाहिले, जीभ पाहिली, पोरीच्या आईचा अंगठा वाकवला, कोपऱ्यात बसलेल्या तिच्या आजीच्या डोळ्यांत टॉर्च मारला आणि म्हणाल्या, "पोरगी फस्क्लास आहे. आजी घारी आहे." दिलीपशेठला पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही. ते पोह्यांवर होते.

लग्न झालं. वर्षभरानं वैशाली पहिल्या बाळंतपणाला माहेरी अल्लीपूरला गेली. पोरगा झाला. सिंदीत पेढे वाटले. अन् बाळानं डोळे उघडले.

घारे! मांजरागत घारे.

प्रवीणनं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाला, "कॅमेरा खराब हाये." नवा फोन घेतला. नव्या फोनमध्ये डोळे आणखीच घारे दिसले. महिना गेला, दोन गेले. म्हातारे म्हणाले, लेकराचे डोळे बदलतात, थांबा. थांबले. डोळे बदलले, म्हणजे जास्तच चमकायला लागले.

रीत अशी की बाळंतीण माहेरी जाते आणि सासरचे वाजतगाजत बाळाला अन् तिला आणायला जातात. अल्लीपूरला वैशालीच्या आईनं दोनदा साडी-चोळी, लुगडी, पाहुण्यांचं सामान आणून ठेवलं. सिंदीहून कोणी निघेना. अन् दिलीपशेठच्या बायकोचं, यशोदाबाईंचं, एकच म्हणणं: "घाई काय हाये?" त्या तीन शब्दांनी वैशालीचं अख्खं आयुष्य अल्लीपूरच्या ओसरीवर अडकून बसलं. इकडं गल्लीतल्या बाया पुन्हा इकडं-तिकडं बघायला लागल्या. आमच्या गावात घारा माणूस एकच, पोस्टमन. त्यानं बिचाऱ्यानं अर्ज देऊन टपाल वाटायचा भाग बदलून घेतला.

वैशालीनं स्वतः मॅडमला फोन केला. काय बोलली ते मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, की फोन ठेवल्यावर मॅडमनं भिंतीवरून मला हाक मारली, "गजू! गाडी काढ. कोंबडा दुसऱ्यांदा अडकला."

दिलीपशेठकडं पोहोचलो तर ओसरीवर सगळं खानदान बसलेलं. काका, मोठे काका, चुलतआजोबा, वर्ध्याहून आणलेला एक ऐकू न येणारा पणजोबांचा भाचा. डोळ्यांचा निकाल लावायला शेठनं सगळी तयारी करून ठेवली होती.

"मॅडम, या. तुमीच पाहा," दिलीपशेठ म्हणाले. "सात पिढ्या काढल्या. माहा बाप काळा डोळा, आजा काळा डोळा, पणजा काळा डोळा. आमच्या घरी घारा तर सोडाच, मांजरबी काळ्या डोळ्याची पाळतो!"

मॅडमनी टॉर्च काढला. ओळीनं सगळ्यांचे डोळे पाहिले. भाच्याला दोनदा सांगावं लागलं, तर त्यानं डोळ्याऐवजी जीभ काढली. सगळे डोळे खरोखरच डांबरासारखे. मॅडमनी टॉर्च बंद केला.

"शेठ, या ओळीत बाया कुठं आहेत?"

"कोनच्या बाया?"

"तुमची आई. आजी. पणजी. तुमची बायको."

"आता त्या कायले?" शेठ हसले. "बाया तर बाहेरून आल्या ना!"

"अन् पोरगं काय नुसतं आतून आलं?" मॅडमचा आवाज चढला. तिकडं बहुतेक एखादी पॅसेंजर निघाली असेल. "सात पिढ्या मोजल्या अन् एकही बाई मोजली नाही? अर्धी पिढी तर बाहेरच राह्यली! अहो, डोळ्याच्या रंगात पुष्कळ जनुकं हात घालतात, पुस्तकात लिहिलं तेवढं सोपं नसते ते. पण लपून बसणं खरं आहे. वैशालीची आजी घारी आहे, मी पोह्यांच्या वेळीच सांगितलं होतं. तिच्याकडचं एक कळलं. दुसरं प्रवीणकडून आलं. अन् प्रवीणकडं ते बापाच्या बाजूनं नाही आलं तर..."

इतक्यात यशोदाबाई उठल्या. ज्या बाईला चहा करायला सून, मोलकरीण आणि नणंद अशा तिघी लागत, त्या म्हणाल्या, "मी चहा आनतो." अन् आत गेल्या.

मॅडम त्यांच्या मागं. मी ट्रे धरायला म्हणून मॅडमच्या मागं. ट्रे नव्हताच, पण कोणी विचारलं नाही.

स्वयंपाकघराला लागून देवघर. तिथं देवांच्या बाजूला यशोदाबाईंच्या वडिलांचा फोटो, हार घातलेला. म्हातारा रुबाबदार. डोळ्यांवर काळा गॉगल. शेजारी लग्नातला फोटो, कन्यादानाचा. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर गॉगल. खाली दिवाळीतला एक. गॉगल. अन् हाराच्या वर खिळ्याला खराखुरा तोच गॉगल टांगलेला, एक दांडी तारेनं बांधलेली.

मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या. मग अगदी हळू, म्हणजे त्यांच्या हिशेबानं हळू, म्हणाल्या, "यशोदा, तुझ्या बाबांना काय झालं होतं?"

"डोळे आले होते."

"लग्नात?"

"होय."

"दिवाळीला?"

"परत आले होते."

"डोळे आले की आठवड्यात जातात गं. तुझ्या बाबांचे आले ते जन्मभर मुक्कामी राह्यले काय?"

यशोदाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतात. तर हसत होत्या. हसता हसता रडायला लागल्या.

"मले पाहाले आले तेव्हा माहा सासरा म्हने, घाऱ्या घरची पोरगी नको, घारा मानूस मनात डाव धरते. बाबानं आतूनच आयकलं. कोपऱ्यातल्या पावन्याच्या शर्टातून गॉगल काढला अन् लावूनच बाहेर आले. म्हने, डोळे आले. मग काढता येईना ना! लग्नात होमाच्या धुरात दिसलं नाई, बेंडवाल्याच्या ढोलात पाय घातला. इथं मुक्कामी आले की गॉगल लावूनच झोपत. एकदा पहाटे म्हशीलेच राम राम केला, व्याही समजून. मेले तेव्हा भाऊ म्हने, आता तरी काढू. मी म्हटलं, राहू दे, माह्या सासरचे आले हायेत." त्यांनी डोळे पुसले. "आता सांगू तर माह्या बाबाले सारे खोटा म्हनतीन. मेलेल्या मानसाले."

मॅडमनी पर्समधली चिक्की काढून त्यांच्या हातात दिली.

"मी नाही सांगणार कोणाला. माझा विषय नाही तो. पण तिकडं अल्लीपूरला वैशाली बसली आहे, अन् तिच्या मांडीवर तुझे बाबा डोळे उघडे ठेवून पडले आहेत. आणायला जायचं की नाही ते तू पाह."

एवढं बोलून मॅडम बाहेर येऊन बसल्या आणि ऐकू न येणाऱ्या भाच्याचा अंगठा वाकवायला लागल्या.

चहा आला नाही. यशोदाबाई आल्या. डोक्यावरचा पदर नीट होता आणि हातात गॉगल होता. सगळ्या खानदानासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आयका. माहे बाबा घारे होते. डोळे-बिळे काई आले नव्हते त्याईचे."

ओसरीवर अशी शांतता, की भाच्यालाही ऐकू आली.

दिलीपशेठ खाली बघत होते. मग म्हणाले, "मले मालूम हाये."

"काय?"

"पहिल्या दिवाळीलेच. तुहे बाबा न्हानीत तोंड धूत होते, मी टॉवेल द्याले गेलतो. त्याईनं माह्याकडं पाह्यलं, मी त्याईच्याकडं पाह्यलं. मी टॉवेल देल्ला अन् आलो. माहा बाप ओसरीवर बसून होता, कसा बोलू? मंग जमून गेलं. बोलाचं काम पडलं नाई."

"अन् आता काऊन नाई बोलले?" यशोदाबाईंचा आवाज इतका चढला, की मॅडमनंसुद्धा कौतुकानं वर पाहिलं. "पोरगी चार महिन्यांपासून तिकडं बसून हाये! गाव काय काय बोलून राह्यलं!"

"मले काय मालूम," शेठ काकुळतीला आले, "की बायकोचा बाप नातवाच्या डोळ्यात येते म्हनून! मले वाटलं, तो फक्त दिवाळीले येते!"

पहिला हसला तो प्रवीण. चार महिन्यांचं हसू त्याचं एकदम निघालं. मग सगळी ओसरी. भाचा सगळ्यांत जास्त हसला. त्याला काही कळलं नव्हतं.

त्याच दुपारी दोन गाड्या अल्लीपूरला गेल्या. एकीत माणसं, दुसरीत बेंड. यशोदाबाई गाडीतून उतरल्या, सरळ ओसरीवर गेल्या, पोराला उचललं आणि त्याच्या डोळ्यांत इतका वेळ पाहत राहिल्या, की बेंडवाल्यांनी तेच गाणं तिसऱ्यांदा वाजवलं. वैशालीनं वाकून नमस्कार केला तर म्हणाल्या, "मले नको करू. मीच चुकली. याच्याच पाया पडाचं हाये मले, पन लहान हाये." मग सासू-सुना आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. जेवणं झाली, सुपारी झाली, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तरी बाहेर येईनात. आतून दोघींचं बोलणं, रडणं, हसणं, सगळं एकदम ऐकू येत होतं. दिलीपशेठ घाबरून मॅडमला म्हणाले, "काय करून राह्यल्या असतीन हो इतका वेळ?"

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. "दोन सुना नळावर भेटल्या."

मॅडम गेल्या वर्षी रिटायर झाल्या आणि अकोल्याला लेकीकडं राहायला गेल्या. कोंबड्या मला देऊन गेल्या. माझा म्हातारा पांढरा आता त्या सगळ्यांचा कारभारी आहे, बसूनच कारभार करतो. स्टेशनात त्यांना पोहोचवायला अर्धं सिंदी आलं होतं. जुनी पोरं वाकून नमस्कार करत होती, मॅडम वरून त्यांचे कान पाहत होत्या.

दिलीपशेठचं सगळं घर आलं होतं. वैशालीच्या कडेवर पोरगा, तोवर चांगला दोन वर्षांचा झालेला. त्याच्या नाकावर पणजोबांचा तो काळा गॉगल, तारेनं बांधलेल्या दांडीचा. त्याच्या अंगाच्या मानानं म्हणजे दोन तवे टांगल्यासारखा. घरात हट्ट करून तोच लावून फिरतो म्हणे.

गाडी हलली. यशोदाबाई एकदम पुढं आल्या, म्हणाल्या, "काढ रे तो गॉगल! मॅडमले डोळे दाखव! साऱ्यायले दिसू दे!" अन् स्वतःच्या हातानं काढला. सकाळच्या उन्हात ते डोळे असे चमकले, की मला तर वाटतं पुढचा सिग्नल त्याच्यामुळंच पडला.

खिडकीतून झाडे मॅडम कमरेपर्यंत बाहेर आल्या. आता काहीतरी आशीर्वाद देतील म्हणून आम्ही सगळे हात जोडून उभे. गाडी वेग घेत होती. मॅडमनी डोळ्यांकडं पाहिलंच नाही. सगळ्या स्टेशनाला ऐकू जाईल असं ओरडल्या, "अगं, याचे कान! पाळी चिकटलेली आहे! कोणाची आहे ते शोधा! अन् या खेपेला बायांपासून सुरुवात करजा!"

गाडी गेली. प्लॅटफॉर्मवरच्या प्रत्येक माणसाचा हात आपापल्या कानाला. अन् दिलीपशेठनं लग्नानंतर पहिल्यांदा, चारचौघांत, बायकोच्या डोक्यावरचा पदर हलकेच मागं सारला आणि तिचा कान नीट पाहिला.